उतरंडीतला वाटा : पीडित समूहांच्या आत साचेबद्ध प्रतिमा का टिकतात?

शोषित समूहांविषयीच्या अवमानकारक प्रतिमा वरच्या थरांनी घडवल्या आणि खालच्या थरांवर लादल्या, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. कारण या प्रतिमा लादणाऱ्यांच्या बोलण्यात जितक्या आढळतात तितक्याच, आणि कित्येकदा अधिक कडवटपणे, त्या सोसणाऱ्यांच्या एकमेकांविषयीच्या बोलण्यातही आढळतात. ज्याला स्वतःला ‘घाणेरडा’, ‘आळशी’ किंवा ‘चोर’ म्हणून हिणवले गेले, तोच आपल्याहून एक पायरी खाली असलेल्याला याच शब्दांनी ओळखतो, आणि आपल्याच जातीतल्या, जमातीतल्या किंवा वस्तीतल्या माणसांबद्दल ‘त्यांच्यात असंच चालतं’ असे म्हणून मोकळा होतो. या वर्तनाची कारणमीमांसा समाजशास्त्राने, मानसशास्त्राने आणि महाराष्ट्रातील जातिविरोधी चळवळींनी वेगवेगळ्या अंगांनी केली आहे. प्रस्तुत लेखात त्या मीमांसांचा आढावा घेऊन ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि लगतच्या अंबरनाथ, भिवंडी, मुंब्रा या पट्ट्यात त्या कितपत लागू पडतात, याचा विचार केला आहे. येऊरच्या डोंगरातील आदिवासी पाडे, शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या, रेल्वे आणि कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या दलित वस्त्या, विमुक्त जातींची वसाहत, मुस्लिमबहुल नगरे आणि शहराने गिळलेली आगरी-कोळी गावे हे सारे लोकलच्या दीड-दोन तासांच्या टापूत एकत्र नांदत असल्याने हा प्रश्न येथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

प्रश्नाची व्याख्या आणि तीन उत्तरे

‘साचेबद्ध प्रतिमा’ म्हणजे एखाद्या समूहातील प्रत्येक माणसाला, त्याला न पाहता, आधीच ठरलेल्या गुणदोषांच्या साच्यात बसवणारी समजूत. अमेरिकी लेखक वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ही संकल्पना सार्वजनिक चर्चेत आणली. अशी समजूत दुसऱ्याविषयी असते तेव्हा तिला पूर्वग्रह म्हटले जाते, आणि ती स्वतःविषयी पटू लागते तेव्हा अभ्यासक तिला ‘आत्मसात केलेली हीनता’ म्हणतात. केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून प्रयोग केले, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद १९५४ साली घटनाबाह्य ठरवला, तेव्हा या संशोधनाचा दाखला घेतला गेला. हे पहिले उत्तर होय : सतत ऐकलेला अपमान माणसाच्या आत मुरतो आणि त्याची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी घडवतो.

दुसरे उत्तर ‘व्यवस्था-समर्थन’ या नावाने ओळखले जाते. मानसशास्त्रज्ञ जॉन जोस्ट आणि महजरीन बनाजी यांनी १९९४ साली असे मांडले की, जग न्याय्य आणि सुसंगत आहे असे मानण्याची गरज माणसाला इतकी तीव्रतेने भासते की व्यवस्थेने ज्यांचे नुकसान केले तेही तिचे समर्थन करू लागतात, आणि आपल्या वाट्याला आलेले दारिद्र्य आपल्याच अवगुणांचे फळ आहे असे मानून घेतात. या विचारात तथ्य आहे, तथापि त्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही : पीडित माणूस स्वतःला कमी लेखत असेल, तर तो खालच्या पायरीवरच्या दुसऱ्या पीडिताला इतक्या आवेशाने कमी का लेखतो?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन ‘श्रेणीबद्ध विषमता’ असे केले. तिच्यात सर्व शोषित एका बाजूला आणि सर्व शोषक दुसऱ्या बाजूला अशी सरळ विभागणी नसते. वरच्यांविषयीचा आदर वर चढत जातो, खालच्यांविषयीचा तिरस्कार खाली उतरत जातो, आणि सर्वांत तळाचा थर सोडल्यास प्रत्येकाला तिरस्कार करण्यासाठी कोणीतरी उरते. या रचनेचे मर्म असे की तिच्यात प्रत्येक थराला काहीतरी गमवावे लागते आणि थोडेफार मिळतेही. जे मिळते ते टिकवण्यासाठी संपूर्ण उतरंडीविरुद्ध बंड करण्याची इच्छा मंदावते. साचेबद्ध प्रतिमा हे त्या थोड्याशा लाभाचे समर्थन असते. म्हणून पीडितांमधील पूर्वग्रहाचे मूळ केवळ अज्ञानात किंवा मनाच्या दुबळेपणात शोधणे चुकीचे ठरते. ते त्या पायरीवर मिळणाऱ्या लाभात शोधले पाहिजे. पुढील उदाहरणांचे परीक्षण याच सूत्राने करता येते.

दलित जातींमधील अंतर

या विषयावरील एक जुना आणि बोलका मराठी पुरावा १८५५ सालचा आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. पेशवाईतील अत्याचारांचा जाब विचारत असतानाच या मुलीने हेही नोंदवले की महारांनीही वरच्यांचे वळण उचलून मांगांना आपल्यापेक्षा हलके मानले. एकाच दुःखाने बांधलेल्या दोन समाजांमधील भिंत तिने लपवली नाही आणि त्या भिंतीचे मूळ कोठे आहे हेही ती विसरली नाही.

या भिंतीला भौतिक पाया होता. गावगाड्यात महाराकडे वेसकराचे काम आणि वतनाची जमीन, मांगाकडे दोरखंड वळणे आणि वाजंत्री, चांभाराकडे कातडीकाम अशी विभागणी असे, आणि बलुत्याचे, मृत जनावराचे, मानपानाचे हक्क ठरलेले असत. या तुटपुंज्या हक्कांवरून होणाऱ्या भांडणांत ‘ते आपल्यापेक्षा खालचे’ हा समज हत्यारासारखा वापरला जाई. कनिष्ठ ग्रामवतने १९५८च्या कायद्याने रद्द झाली, परंतु त्यांच्या आधाराने वाढलेल्या प्रतिमा वतनांबरोबर गेल्या नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर त्यांना नवे रूप आले. बौद्ध झालेल्या समाजातील काहींना मातंग ‘अजून देवादिकांत अडकलेले’ वाटू लागले, तर मातंग आणि चर्मकार समाजांतील काहींना बौद्ध म्हणजे ‘सगळ्या सवलती खाणारे’ वाटू लागले. मातंग समाजातून आलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली होती, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या अशा बोलण्यात सहसा आठवली जात नाही.

आज या प्रतिमांना आरक्षणाच्या वादातून खतपाणी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे एकाच प्रवर्गातील अधिक मागासांसाठी स्वतंत्र वाटा ठेवण्याला, मान्यता दिली. महाराष्ट्राच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत, आणि त्यांतील लाभांची विषम विभागणी हा खरा व गंभीर प्रश्न आहे. तो जातनिहाय आकडेवारी, शिक्षणाची संधी आणि रिक्त राहिलेल्या जागा यांच्या आधाराने सोडवता येतो. मात्र चर्चा ‘ते हावरे’ आणि ‘हे शिकतच नाहीत’ या दोन शिक्क्यांवर येऊन थांबते तेव्हा भरतीच न करणारी यंत्रणा जाबातून सुटते आणि तळाच्या दोन पायऱ्या एकमेकींशी झगडत राहतात.

नगरपालिकांच्या सफाईकामात हीच गुंतागुंत आढळते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. ठाणे काय किंवा कल्याण-डोंबिवली काय, कंत्राटीकरणाच्या काळात कायम नोकरीचा असा हक्क ही त्या कुटुंबांची मोठी सुरक्षितता आहे, आणि ती काढून घ्यावी असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. परंतु याच सुरक्षिततेमुळे शिकलेल्या मुलालाही झाडूच हाती घ्यावा लागतो, ‘हे काम यांचेच’ ही बाहेरची समजूत पक्की होते आणि ‘आपल्याला दुसरीकडे कोण घेणार’ ही आतली समजूतही तिला जोडून पक्की होते. येथे पूर्वग्रह नोकरीच्या नियमातच बसलेला आहे. त्यामुळे वारसाला शिक्षणानुसार अन्य पदावर जाण्याची वाट जोपर्यंत खरोखर खुली होत नाही, तोपर्यंत प्रबोधनाने तो हलणार नाही.

आदिवासींमधील उतरंड : कातकरी

ठाणे जिल्ह्यातील वारली, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी आणि कातकरी या जमातींना बाहेरचे लोक सरसकट ‘आदिवासी’ म्हणतात, परंतु त्यांच्या आपसातील व्यवहारात कातकऱ्यांचे स्थान सर्वांत खाली मानले जाते. कातकरी ही महाराष्ट्रातील कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह केंद्र शासनाने विशेष असुरक्षित मानलेल्या तीन जमातींपैकी एक आहे. शेती करणाऱ्या जमातींना कातकरी ‘काहीही खाणारे’, ‘एका जागी न टिकणारे’ आणि ‘दारूत बुडालेले’ वाटतात. उतरंड येथेही संपत नाही, कारण कातकऱ्यांमध्ये सोन आणि ढोर असे भेद आहेत आणि गोमांस खाण्याच्या कारणावरून सोन कातकरी ढोर कातकऱ्यांना हलके लेखत आले, अशी नोंद वसाहतकाळातील जातिवर्णनांपासून आढळते.

या प्रतिमेची घडण जवळून पाहिली असता तिच्यातील प्रत्येक ‘दोष’ एका वंचनेशी जोडलेला आढळतो. खैराच्या झाडापासून कात काढणे हा या जमातीचा व्यवसाय होता; जंगलावर सरकारी बंधने आल्यावर तो बुडाला आणि कोळसा पाडणे, मजुरी व वीटभट्टी हे मार्ग उरले. अनेक कातकरी वाड्यांखालची जमीन आजही तेथे राहणाऱ्यांच्या नावावर नाही. ज्याला घराखालच्या जमिनीवरूनही उठवले जाऊ शकते, त्याच्यावर ‘टिकत नाही’ असा ठपका ठेवणे सोपे जाते. पावसाळा संपला की भट्टीमालक कुटुंबाला उचल देतो, म्हणजे हंगामाची मजुरी गहाण ठेवून आगाऊ रक्कम देतो. भिवंडी, कल्याण आणि मुरबाड परिसरातील भट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे पुढचे सहा-सात महिने झोपडी घालून राहतात, नवरा-बायको मिळून चिखल मळतात आणि विटा पाडतात, पोरे कच्च्या विटा उलटवतात, आठवड्याला केवळ पोटापुरती खर्ची हाती पडते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. हिशेबाची वही मालकाकडे असते आणि उचल फिटली की नाही हेही तोच सांगतो. ‘कातकऱ्याच्या हाती पैसा राहत नाही’ हे वाक्य या व्यवहाराचे समर्थन म्हणून वापरले जाते, आणि तेच वाक्य शेजारच्या जमातींच्याच नव्हे तर कातकऱ्यांच्या तोंडीही ऐकू येते; वस्तुतः वर्षभराचा रोख पैसा त्याच्या हाती कधी दिलाच जात नाही.

म्हणूनच या भागातील ज्या संघटनांनी प्रथम व्यवहार बदलला, त्यांचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली असली तरी ती प्रत्यक्षात चालूच होती, आणि १९८२ साली विवेक व विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांची मुक्तता आणि किमान वेतन या मागण्यांवर वेगवेगळ्या जमातींच्या मजुरांना एकत्र आणले. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली असे दाखवले होते की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह कमी होत नाहीत; त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा या चार अटी लागतात. एका नळावर पाण्यासाठी भांडणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये सहवास असतो, पण यांतील एकही अट नसते. एकाच मागणीसाठी कचेरीवर मोर्चा नेणाऱ्या दोन जमातींत त्या बहुतांशी असतात.

गुन्हेगारीचा शिक्का आणि त्याचे आतले वारस

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवले. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांत सोलापूर, हुबळी यांबरोबर अंबरनाथचीही वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समूह कायद्याने मुक्त झाले, महाराष्ट्रात १४ विमुक्त जातींची नोंद झाली, परंतु १९५९च्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्याने पोलिसांच्या नजरेतील संशय कायम ठेवला. या संशयाचे ओझे असलेल्या समाजाने स्वतःच्या रक्षणासाठी जातपंचायत घट्ट धरली, आणि हीच पंचायत आतल्या दुर्बलांवर, मुख्यतः स्त्रियांवर, सत्ता गाजवू लागली.

विमुक्तांपैकी कंजारभाट समाजातील नववधूच्या कौमार्य चाचणीचा प्रश्न हे याचे ठळक उदाहरण आहे. या समाजातीलच तरुणांनी २०१७-१८च्या सुमारास प्रथेविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा पुण्यात समाजातील स्त्रियांचा तिच्या विरोधात मोर्चा निघाला; बाहेरच्यांसमोर समाजाची बदनामी होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. अंबरनाथमध्ये प्रथेला विरोध केल्यामुळे एका कुटुंबावर बहिष्कार टाकल्याची तक्रार २०१९ साली २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली दाखल झाली. मोर्चात चालणाऱ्या त्या स्त्रियांना अज्ञानी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. ज्या समाजाकडे सारे जग चोर म्हणून पाहते, त्या समाजात ‘आमच्या मुली शुद्ध’ हा एकच मान उरलेला असतो. त्या मानाची किंमत स्त्रीच्या देहाने चुकवली जाते, आणि तो राखण्याचा मोबदला म्हणून तिलाही समाजात जागा मिळते. बाहेरचा शिक्का जितका घट्ट, तितकी आतली प्रतिमा कठोर, असा हा संबंध आहे. त्यामुळे प्रथेविरुद्धचा कायदा आवश्यक असला तरी पोलिसांचा संशय तसाच ठेवून तो एकटा पुरेसा ठरणार नाही.

प्रतिष्ठेची किंमत

पीडित समूह वर येऊ लागतो तेव्हा साचेबद्ध प्रतिमा नाहीशी होत नाही. ती वस्तीत मागे राहिलेल्यांवर ढकलली जाते. डिसेंबर १९२७मध्ये महाड येथे आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने आणि नेसण्याची पद्धत सोडण्याचे आवाहन केले. तो मानवी दर्जा मिळवण्याचा संघर्ष होता आणि त्याने असंख्य स्त्रियांना ताठ मानेने उभे केले. परंतु स्वच्छ राहणी आणि सभ्यता यांनाच मोठेपणाचे माप मानले गेले, तेव्हा त्या मापात न बसणाऱ्या स्त्रिया, विशेषतः तमाशातील कलावंत, आपल्याच समाजात दुरावल्या. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीवर ‘अश्लील’ हा शिक्का कसा बसला आणि त्यात जातीचा वाटा किती, याची सविस्तर मांडणी केली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या कर्तृत्वाची नोंद करून ‘बायका मागाहून आल्या’ ही चळवळीतलीच समजूत खोडून काढली.

डोंबिवली-कल्याणसारख्या नोकरदारांच्या शहरांत ही प्रक्रिया आडनाव आणि पत्त्यातून घडते. वस्तीतून सदनिकेत गेलेले कुटुंब भाड्याचे घर मिळावे म्हणून आडनाव बदलते किंवा जात सांगणे टाळते. बाबुराव बागुलांच्या १९६३च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथासंग्रहापासून मराठी साहित्याने या ताणाची दखल घेतली आहे. मागे राहिलेले अशा कुटुंबाला ‘दलित ब्राह्मण’ म्हणतात आणि वर गेलेले मागच्यांना ‘वस्तीतले’ म्हणतात, परंतु घर नाकारणारा घरमालक या दोन्ही शब्दांच्या बाहेर सुरक्षित राहतो. मुंब्र्यातही हाच क्रम आढळतो. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेल्या कुटुंबांमुळे ते झपाट्याने वाढले. त्या पत्त्यावर बाहेरून संशय बसला, आणि आत अश्रफ, म्हणजे उच्चकुलीन, म्हणवणारे व कारागीर जातींतले, कोकणी आणि उत्तरेकडून आलेले, असे भेद अधिक ठळक झाले. आगरी-कोळी गावांत ‘गावठी’ हा शिक्का बोलीवर बसला. शाळेत बोलीला हसू होते म्हणून घरोघर ती मुलांपासून दूर ठेवली जाते, आणि त्याच गावांत पाड्यावरच्या आदिवासीच्या बोलीला पुन्हा हसले जाते.

उपायांचे मूल्यमापन

या विषयावर उघड बोलण्याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो : पीडितांमधील पूर्वग्रहांची चर्चा केली की वरचे वर्ग ‘तेही तसेच आहेत’ असे म्हणून स्वतःची जबाबदारी झटकतात. हा धोका खरा आहे. परंतु मुक्ता साळवे यांनी घालून दिलेली रीत पाळली, म्हणजे खालचा अन्याय सांगताना वरचा अन्याय क्षणभरही नजरेआड होऊ दिला नाही, तर हा धोका टळतो. आणि गप्प राहिल्यास सर्वांत तळाच्या माणसाचा आवाज दोनदा दाबला जातो, एकदा बाहेरच्यांकडून आणि एकदा आपल्यांकडून.

उपायांकडे पाहताना पायरीवर मिळणारा लाभ कोणता उपाय खरोखर कमी करतो, हे तपासावे लागते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे मार्गदर्शक ठरतो. चक्रव्यूहाची कोडी सोडवताना जात उघड केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमोर जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलांची बुद्धी तीच होती, परिस्थिती बदलली होती. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि महानगरपालिका यांनी २०१६ साली मालवाहू कंटेनरमध्ये सुरू केलेली सिग्नल शाळा हे याच तत्त्वाचे स्थानिक रूप आहे. मराठवाड्यातून दुष्काळाने ढकललेल्या, बऱ्याच अंशी पारधी समाजातील कुटुंबांची मुले जेथे गाड्यांच्या मध्ये गजरे विकत होती, तेथेच त्यांचा वर्ग भरू लागला, आणि ‘ही मुले शिकत नाहीत’ हा समज इतर गरीब वस्त्यांनाही प्रत्यक्ष पाहून बदलावा लागला. समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने रत्नाकर मतकरींनी ठाण्यात उभा केलेला ‘वंचितांचा रंगमंच’ त्याहून वेगळे काम करतो : वस्तीतील मुले स्वतःच नाटक रचतात आणि सादर करतात, त्यामुळे त्यांची प्रतिमा दुसऱ्याच्या हाती राहत नाही.

तथापि शाळा आणि रंगमंच यांची धाव वीटभट्टीवरील वही, सफाई विभागातील भरतीचा नियम, पोलिसांच्या नोंदी आणि घरमालकाचा दरवाजा यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पीडित समूहांतील साचेबद्ध प्रतिमा टिकून राहतात, कारण या चारही ठिकाणी त्यांचा रोजचा उपयोग होतो. उपयोग संपला की प्रतिमा लगेच नष्ट होत नाही, पण ती बोलण्यापुरती उरते आणि पुढच्या पिढीत विरळ होते. उपयोग चालू ठेवून केवळ मने बदलण्याचा प्रयत्न केला, तर पुरोगामी भाषणानंतर त्याच संध्याकाळी उतरंड पुन्हा जागेवर येते. म्हणून समतेची कोणतीही चळवळ मोजायची असेल तर तिने वरच्या थराला किती आव्हान दिले याबरोबरच आणखी एक कसोटी लावावी लागते : तिच्या सभेत ढोर कातकरी, पारधी, मेहतर आणि तमाशातील स्त्री यांना बोलण्याची जागा आहे का, आणि त्यांनी आपल्याच माणसांविरुद्ध तक्रार केली तर ती चळवळीविरुद्धची तक्रार न मानता चळवळीचेच काम मानले जाते का. या कसोटीवर उतरणारी चळवळच श्रेणीबद्ध विषमतेविरुद्ध लढते. इतर चळवळी त्या विषमतेतील आपली पायरी तेवढी बदलून घेतात.